नांगराचा वळसा

मेलेल्या मनुष्याचा जिवंतांवर कांहीं हक्क चालतो काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत पुष्कळदां येतो आणि बहुधा तेथेंच राहतो. बापाचें कर्ज मुलानें फेडावें, मृत्युपत्रांतील इच्छा पाळावी, श्राद्धपक्ष करावा, इतपत आपण सर्वजण मानतों. कारण तेथें नातें आहे, नांव आहे, आणि खरें बोलावयाचें तर चार लोक काय म्हणतील हेंही आहे. परंतु ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, ज्याची भाषा कोणी बोलत नाहीं, ज्याचा वंश सांगतां येत नाहीं आणि ज्याला मरून तीन हजारांवर वर्षें लोटलीं, अशा मनुष्यासाठीं आज एखाद्या शेतकऱ्यानें आपल्या शेतांतला तुकडा पडीक ठेवावा काय? ठेवावा, तर कोणत्या नात्यानें? आम्हांस हा प्रश्न पुस्तकांत भेटला नाहीं. डेन्मार्क देशाच्या जटलंड प्रांतांतून सायकलीनें खडीच्या वाटांवरून जात असतां तो दुतर्फाच्या शेतांत भेटला, आणि एकदां भेटल्यावर त्यानें पाठ सोडली नाहीं.

अलीकडे युरोपांत एका निराळ्या जातीच्या सायकलीचा बराच प्रसार झाला आहे. शर्यतीच्या सायकलीप्रमाणें तिचें हँडल खालीं वळलेलें असतें. परंतु टायर रुंद, त्यांत हवा बेताची, आणि गियर हलके. डांबरी रस्ता सोडून खडी, मुरूम, रानांतील पायवाटा यांवरून लांबचा पल्ला मारण्याकरितां ती बनविलेली असते, आणि म्हणूनच तिला 'ग्रॅव्हल' म्हणजे खडीची सायकल म्हणतात. डेन्मार्क देश या सायकलीस मानवतो. तेथील सर्वांत उंच नैसर्गिक जागा पुरती १७१ मीटरही भरत नाहीं. चढाचें काम तेथें वारा करतो, आणि तें तो मन लावून करतो. शिवाय खासगी शेतांमधून गेलेल्या वाटांवरूनही पायीं अथवा सायकलीनें जाण्याची मुभा तेथील कायदा देतो, मात्र मालकानें पाटी लावून मना केलेली नसावी. खासगी रानांत सूर्यास्तानंतर जातां येत नाहीं, एवढेंच. म्हणजे प्रवासी हा तेथें पदोपदीं दुसऱ्याच्या जमिनीवरचा पाहुणा असतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

आम्ही धरली ती वाट 'हेरवाय' या नांवानें प्रसिद्ध आहे. हेरवाय म्हणजे सैन्याची वाट. तिलाच बैलांची वाट असेंही नांव आहे, कारण सोळाव्या व सतराव्या शतकांत दरसाल हजारों बैल या वाटेनें दक्षिणेकडे जर्मन प्रदेशांतील बाजारांत हांकून नेत. व्हीबोर्ग गांवापासून जर्मनीच्या सरहद्दीपर्यंत सुमारें २५० किलोमीटर ती जाते. नांवाला एक वाट. वस्तुतः तो अनेक जुन्या वाटांचा जुडगा आहे. सरळ जावें असा तिचा हट्ट कोठेंच दिसत नाहीं. जटलंडच्या कण्यावर जेथून कांहीं नद्या पूर्वसमुद्रास व कांहीं पश्चिमसमुद्रास मिळतात, त्या पाणलोटाच्या रेषेवरून ती चालते. नदी ओलांडण्याचा प्रसंग शक्य तों येऊं नये, एवढ्यासाठीं ती मैलच्या मैल वांकडी होते. पुलांपूर्वींच्या माणसांचें हें शहाणपण आहे.

या वाटेच्या कडेनें प्राचीन थडग्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. सोफस म्युलर या डॅनिश पुराणवस्तुशास्त्रज्ञानें १९०४ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हीं थडगीं जशीं ओळीनें सांपडतात त्यावरून त्या काळच्या वाटा कोठून जात होत्या हें ओळखतां येतें. म्हणजे तीं थडगीं वाटसरूंच्या दृष्टीस पडावींत अशा बेतानेंच घातलेलीं असलीं पाहिजेत. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. जो आपल्या मृताला गुपचूप पुरतो, तो जगाकडे कांहींच मागत नाहीं. परंतु जो त्याच्यावर मातीचा डोंगर रचतो आणि तोही रहदारीच्या वाटेवर, तो येणाऱ्याजाणाऱ्या परक्या माणसांस कांहीं तरी विनवीत असतो. ती विनवणी कोणत्या शब्दांत होती हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. पण तिचा आशय कळण्यास भाषा लागत नाहीं. येथें कोणी आहे. यावरून जाऊं नका.

आणि खरोखरच कोणी जात नाहीं. वाटेच्या बाजूला गव्हाचें किंवा जवाचें सपाट शेत पसरलेलें असतें, आणि त्याच्या मधोमध एक गवताळ उंचवटा उभा असतो. दुरून पाहणाऱ्यास वाटावें कीं कोणी गंजी रचून ठेवली आहे. यांपैकीं पुष्कळ उंचवटे ब्राँझयुगांतले, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचे. नांगराच्या सरी सरळ येतात, उंचवट्यापाशीं येतांच वांकतात, त्याला वळसा घालतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हां सरळ होतात. या वळशाला किंमत पडते. डेन्मार्कची निम्म्याहून अधिक भूमि लागवडीखालीं आहे आणि तेथील शेती यंत्रांची आहे. अवजड ट्रॅक्टर वळविण्यांत वेळ जातो, तेल जळतें, आणि फवारणीच्या यंत्राचे लांब पसरलेले हात उंचवट्याजवळ दरवेळीं मिटून घ्यावे लागतात. कायदा सांगतो कीं अशा प्राचीन अवशेषावर व त्याच्या भोंवतीं दोन मीटरांपर्यंत नांगरट करूं नये, खत घालूं नये, कांहीं लावूं नये. आणि अवशेषाभोंवतींच्या शंभर मीटरांत सामान्यतः इमारत उठवूं नये. असे संरक्षित अवशेष देशांत तीस हजारांहून अधिक आहेत. तितक्या ठिकाणीं कोणी ना कोणी दरसाल हा वळसा घालतो.

तो श्रद्धेनें घालतो, असें समजण्याचें कांहीं कारण नाहीं. पूर्वीं भयानें घालीत. उंचवट्यांच्या पोटांत भूमिगत लोक राहतात, रात्रीं उंचवटा तांबड्या खांबांवर उचलला जातो आणि खालीं नाचगाणें चालतें, त्यांच्या घराला कुदळ लावणाऱ्याचीं गुरें मरतात, अशा समजुती डॅनिश खेड्यांत सर्वत्र होत्या. जोंपर्यंत त्या होत्या तोंपर्यंत थडगीं बव्हंशीं सुरक्षित होतीं. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस शेतीची सुधारणा झाली. कुळांना जमीनदाराच्या जहागिरीशीं जखडून ठेवणारें बंधन १७८८ सालीं उठविण्याचें ठरलें, समाईक शेतें तोडून ज्याचीं त्यास मिळालीं, आणि शेतकरी शहाणा झाला. शहाणा झाल्यावर त्यानें पहिलें काम काय केलें, तर उंचवटे सपाट केले आणि त्यांच्याहूनही जुनीं, प्रचंड धोंड्यांचीं अश्मयुगीन थडगीं फोडलीं. ते धोंडे घरांच्या पायांत गेले, शेताच्या कुंपणांत गेले आणि नव्या रस्त्यांत गेले. ज्यांस आपण अडाणी म्हणूं त्यांच्या भुताच्या भीतीनें जें तीन हजार वर्षें राखलें, तें ज्यांस आपण सुधारलेले म्हणूं त्यांनीं दोन पिढ्यांत संपवीत आणलें. पुढें सुधारलेल्यांतल्याच कांहींना याची लाज वाटली. १८०७ सालीं राजाज्ञेनें पुराणवस्तूंचें एक मंडळ नेमलें गेलें, गांवोगांवच्या पाद्र्यांकडून माहिती मागविण्यांत आली, आणि अखेर १९३७ च्या कायद्यानें दृश्य असे सर्व प्राचीन अवशेष, मालकांची संमति न विचारतां, एकदम संरक्षित झाले. भुताची जागा कायद्यानें घेतली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं भयानें किंवा दंडाच्या धाकानें घातलेल्या वळशाला नीति कशी म्हणावी? हेतु शुद्ध नसेल तर कृतीचें मोल काय? आम्हांस हा आक्षेप फारसा वजनदार वाटत नाहीं. थडग्यापुढें उभें राहून ज्याचें अंतःकरण भरून येतें, तो प्रवासी पांच मिनिटांनीं पुढें जातो. त्याची भावना खरी असेल, पण तिच्या आधारानें एक वीतभर मातीही टिकणार नाहीं. ज्याला कांहींच वाटत नाहीं, किंबहुना ज्याला त्या उंचवट्याचा कंटाळा आहे, तो शेतकरी मात्र चाळीस वर्षें स्टिअरिंग फिरवीत राहतो. मृतांचा आदर ही मनांतली अवस्था नसून जिवंतांनीं सोसलेली गैरसोय आहे, असें आमचें मत या वाटेवर बनलें.

पण तसें म्हटलें कीं लगेच दुसरी अडचण उभी राहते. गैरसोय शेतकऱ्याची, आणि आनंद आमचा! तो वळसा घालतो म्हणून आम्हांस संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत उंचवट्यांची ओळ पाहावयास मिळते. त्याबद्दल आम्ही त्याला काय देतों? फार तर गांवांतल्या दुकानांत कॉफी व पाव घेतों. इतकेंच नव्हे, तर ज्या रस्त्यांच्या सुखासाठीं आम्ही गेलों, त्या जुन्या रस्त्यांच्या पोटांत थडग्यांचे फोडलेले धोंडे आहेत. वरची आजची खडी बहुतेक खाणींतून येते हें खरें. परंतु चाकाखालीं जें कुरकुरतें त्याच्या खालच्या थरांत काय आहे, हें मनांत आलें म्हणजे आपल्या इतिहासप्रेमाचा अभिमान थोडा बसका होतो. अवशेषाची नासधूस करूनच अवशेषापर्यंतचा रस्ता झाला. या हिशेबांत प्रवाशाच्या बाजूला लिहिण्यासारखी एकच रक्कम आहे. उंचवट्यावर सायकल घालण्याचा मोह होतो. उतार सुबक असतो, टायरही त्याच कामाचे असतात. परंतु चाकांनीं गवत एकदां निघालें कीं पाऊस खालची माती नेऊं लागतो. तेथें आपणही वळसा घालावा. फार थोडें आहे हें, पण नांगरवाल्याच्या पंगतीला बसण्याचा तेवढाच एक मार्ग प्रवाशापाशीं आहे.

येलिंग येथें हा विचार थोडा निराळ्या बाजूनें तपासून पाहतां येतो. तेथें दोन प्रचंड उंचवटे आहेत, मधें पांढरें चर्च आहे, आणि चर्चच्या दाराशीं रूनलिपींत कोरलेल्या दोन शिळा, आतां कांचेच्या पेट्यांत, उभ्या आहेत. धाकटी शिळा गोर्म राजानें आपली राणी थिरा हिच्या स्मरणार्थ उभारली. थोरली त्यांचा मुलगा हाराल्ड यानें ९६५ च्या सुमारास, आईबापांच्या स्मरणार्थ आणि, लेखाचा रोख पाहतां, निम्म्याहून अधिक स्वतःच्या स्मरणार्थ. हाच तो 'निळ्या दाताचा' हाराल्ड, ज्याचें टोपणनांव आज प्रत्येक फोनमध्यें ब्लूटूथ म्हणून नांदतें. उत्तरेकडील उंचवट्याच्या माथ्यावर १८२० सालीं गांवकरी पाण्यासाठीं खणूं लागले तेव्हां आंत लांकडी दालन लागलें. पण त्यांत मृतदेह नव्हता. पुढें चर्चच्या जमिनीखालीं एका पुरुषाचीं हाडें सांपडलीं, आणि हाराल्डनें ख्रिस्ती झाल्यावर आपल्या बापाला उंचवट्यांतून काढून चर्चमध्यें नेलें असावें, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. तसें असेल तर मृताची विनवणी प्रथम मोडली ती कोणा हांवऱ्या शेतकऱ्यानें नव्हे, तर पोटच्या मुलानें, आणि तीही बापाचें कल्याण व्हावें म्हणून! दहा किलोमीटर दक्षिणेस राव्हनिंग एंगेच्या दलदलींत त्याच राजाच्या काळचा, ९८० च्या सुमाराचा, ओकच्या लांकडांचा सुमारें ७६० मीटर लांबीचा पूल होता. त्यावर दुरुस्तीची खूण सांपडलेली नाहीं, म्हणजे तो थोडींच वर्षें वापरला गेला. ते ओक कोणीं तोडले, त्यांच्यासाठीं कोणी शिळा उभारली नाहीं.

खरी कठीण गोष्ट एग्टवेडची आहे. १९२१ च्या फेब्रुवारींत तेथला एक शेतकरी आपल्या शेतांतल्या उंचवट्याचा उरलासुरला भाग काढून टाकीत होता. उंचवटा पूर्वींच बराचसा झिजलेला, आणि १९३७ चा कायदा अजून दूर होता. म्हणजे त्यानें कोणताही अपराध केला नाहीं. खणतां खणतां ओकच्या खोडाची पेटी लागली. त्यानें काम थांबविलें, नॅशनल म्यूझियमला कळविलें, आणि ती पेटी न उघडतां कोपनहेगनला गेली. आंत सोळा ते अठरा वर्षांची मुलगी होती. आम्लयुक्त पाण्यानें हाडें विरघळून गेलेलीं; परंतु केंस, नखें, दांत आणि अंगावरचे लोंकरीचे कपडे राहिलेले. दोऱ्यांचा आंखूड घागरा, कमरेला ब्राँझची तबकडी, पायांशीं बर्चच्या सालीची बादली व तींत मधाच्या मद्याचे अवशेष. शेजारीं पांचसहा वर्षांच्या एका मुलाचीं जळालेलीं हाडें. आणि पेटीच्या कडेवर यारो नांवाच्या रानफुलाचा एक झुबका, ज्यावरून दफन उन्हाळ्यांत झालें हें कळतें. लांकडाच्या वलयांवरून ओक तोडला गेला तें वर्षही निघालें: ख्रिस्तपूर्व १३७०.

आतां सांगा, तो शेतकरी उंचवट्याला वळसा घालून गेला असता तर? विनवणी पाळली गेली असती आणि ती मुलगी आम्हांस कधींच भेटली नसती. तें रानफूल ठेवणारा हात कोणाचा होता याचा विचार जगांत कोणाच्याही मनांत आला नसता. मृतांच्या इच्छेला आम्ही आज्ञा न म्हणतां विनवणी म्हणतों तें यासाठींच. विनवणी योग्य कारणासाठीं अमान्य करतां येते. तुच्छतेनें मात्र धुडकावतां येत नाहीं. एग्टवेडच्या शेतांत नीतीचा क्षण कुदळ मारण्याचा नव्हता आणि न मारण्याचाही नव्हता. तो कुदळ लांकडावर आपटल्यानंतरचा होता. पेटी फोडून आंत सोनें आहे काय हें पाहण्यास कोण अडविणार होतें? तो थांबला. आम्हांस तो मनुष्य हाराल्ड राजापेक्षां मोठा वाटतो.

या मुलीची कथा तेथेंच संपत नाहीं. २०१५ सालीं तिच्या दांतांतील व केंसांतील स्ट्राँशियम द्रव्याच्या परीक्षणावरून असें सांगण्यांत आलें कीं ती जन्मानें डेन्मार्कची नसून बहुधा दक्षिण जर्मनींतील असावी. चार वर्षांनीं, २०१९ सालीं, दुसऱ्या संशोधकांनीं हरकत घेतली: ज्या आजच्या पाण्याशीं ताडून पाहिलें त्यांत शेतांत टाकलेल्या चुन्याचें स्ट्राँशियम मिसळलेलें आहे, आणि तो चुना वगळला तर ती जवळपासचीच ठरूं शकते. म्हणजे उंचवटा न नांगरतांही, शेजारच्या शेतांत चुना टाकून, आपण मृतांची साक्ष बदलूं शकतों. दोन मीटरांचा वळसा येथें पुरत नाहीं. आणि किती मीटरांचा पुरेल हें कायद्याच्या कोणत्याही कलमांत लिहितां येणार नाहीं.

उकरून काढलेलें सर्वच सुखरूप राहतें, असेंही नाहीं. या वाटेच्या पश्चिमेस गालेहूस येथें १६३९ सालीं एका मुलीला व १७३४ सालीं एका शेतकऱ्याला, अगदीं जवळजवळ, सोन्याचें एकेक शिंग सांपडलें. दोन्ही राजाच्या संग्रहांत कडेकोट ठेवलीं होतीं. १८०२ सालीं एका सोनारानें तीं चोरून वितळविलीं. चिखलानें जें हजार वर्षांवर सांभाळलें तें राजवाड्याच्या कुलपाला शंभरदोनशें वर्षेंही सांभाळतां आलें नाहीं.

हाडरस्लेव्हच्या दक्षिणेस, १७७६ सालच्या इमरवादच्या दगडी पुलापासून फार दूर नाहीं अशा जागीं, रस्त्याच्या कडेला हेरुल्फची शिळा उभी आहे. तिच्यावर एकच शब्द: हेरुल्फ. मनुष्याचें नांव, पुढें मागें कांहीं नाहीं. १८६४ च्या युद्धांत हा मुलूख प्रशियानें जिंकल्यावर एका प्रशियन राजपुत्रानें ही शिळा उचलून बर्लिनजवळ आपल्या शिकारमहालीं नेली. १९२० सालीं लोकमत घेऊन मुलूख परत आला. शिळा मात्र १९५१ सालीं आली. विजयी मनुष्याला प्रांत पुरत नाहीं, त्यांतल्या एका अज्ञात मृताचें नांवही न्यावेंसें वाटतें, ही गोष्ट आम्हांस युद्धाच्या इतिहासापेक्षां अधिक बोलकी वाटली. ज्या राष्ट्रानें ती इतकीं वर्षें मागितली, त्याच राष्ट्राच्या शेतकऱ्यांनीं अशाच कित्येक शिळा रस्त्यांत घातल्या होत्या, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

सरहद्दीजवळ फ्रॉस्लेव्ह येथें लांकडी बराकींची एक छावणी आहे. १९४४ सालीं, जर्मनांनीं डेन्मार्क व्यापलेला असतां, डॅनिश कैद्यांसाठीं ती बांधली गेली. सुमारें बारा हजार माणसें तींत होतीं आणि त्यांपैकीं सुमारें सोळाशें जणांना पुढें जर्मनींतील छळछावण्यांत नेण्यांत आलें. १९४५ च्या मे महिन्यांत देश मुक्त झाला. त्यानंतर त्याच बराकींत, छावणीचें नांव बदलून, जर्मनांना साहाय्य केल्याचा आरोप असलेल्यांना १९४९ पर्यंत ठेवलें गेलें. त्यांत पुष्कळसे त्याच सरहद्दीवरचे जर्मन भाषिक शेजारी होते. दोन्ही बाजूंच्या आठवणी त्याच फळ्यांत आहेत, आणि कोणत्या आठवणीसाठीं बराक राखावयाची यावर त्या भागांतल्या घरांतून एकमत असेल, असें वाटत नाहीं. ब्राँझयुगांतल्या मुलीसाठीं वळसा घालणें सोपें आहे. तिचे शत्रु कोणी उरलेले नाहींत. येथें अजून नातवंडें हयात आहेत. तरी बराकी पाडलेल्या नाहींत. कांहींत संग्रहालय आहे आणि कांहींत सोळासतरा वर्षांच्या मुलामुलींची निवासी शाळा भरते. आम्ही पोहोंचलों तेव्हां तिन्हीसांज होत आली होती. खडीचा रस्ता बराकींच्या रांगेमधून टेहळणीच्या मनोऱ्याकडे जात होता. एका दाराशीं चिखलानें भरलेले बूट ओळीनें ठेवलेले होते, आणि आंतून कोणी तरी जेवणासाठीं हांका मारीत होतें.